थिंग, डिंग, टिंग : सभेची ‘वस्तू’ कशी झाली?

फिओर्डकाठी

मंडळी, गेल्या महिन्यात आम्ही बर्गनमध्ये घर घेतलं. सगळ्या कागदांत एक शब्द सारखा भेटत होता, ‘टिंगल्यूसिंग’. बँकेतल्या बाई म्हणाल्या, “टिंगल्यूसिंग झालं की घर तुमचं.” मला नॉर्वेजियन शिकून सात वर्षं झाली. ‘टिंग’ म्हणजे वस्तू हे पहिल्याच आठवड्यात शिकवतात आणि ‘ल्यूसे’ म्हणजे जाहीर करणं, पुकारणं. मग घर नावावर होण्याशी ‘वस्तू पुकारण्याचा’ काय संबंध?

आमचे शेजारी निवृत्त शिक्षक आहेत. कागद हातात घेऊन त्यांनी त्या शब्दाच्या पहिल्या अर्ध्यावर बोट ठेवलं. म्हणाले, “हे टिंग ते नव्हे. हे जुनं टिंग आहे. सभा.” पूर्वी जमीन विकली की पंचक्रोशीच्या टिंगमध्ये उभं राहून सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगायचं, की अमुक शेत अमुक माणसाला दिलं. पुढे कागद आले, तेही टिंगमध्ये मोठ्यानं वाचले जात. एकदा पुकारा झाला की “मला ठाऊक नव्हतं” असं कुणाला म्हणता येत नसे. ती सभा गेली, वह्या आल्या, आता सगळं संगणकात आहे. शब्द मात्र सभेचाच राहिला.

तेव्हापासून हा शब्द डोक्यातून जात नाही. इंग्रजी ‘थिंग’, जर्मन आणि डच ‘डिंग’, डॅनिश, नॉर्वेजियन, स्वीडिश ‘टिंग’, आइसलँडिक ‘थिंग’ ही एकाच घरातली भावंडं. आणि या सगळ्या घरात शब्दाचा जुना अर्थ वस्तू नव्हताच. स्वतंत्र माणसांनी ठरलेल्या जागी, ठरलेल्या दिवशी भरवलेली सभा म्हणजे थिंग. भांडणं मिटवायची तिथेच, कायदा ठरवायचा तिथेच. नॉर्वेच्या संसदेचं नाव आजही ‘स्टूर्टिंग’ आहे, म्हणजे मोठी सभा. डेन्मार्कची ‘फोल्केटिंग’, लोकांची सभा. आइसलँडची ‘आल्थिंगी’, सगळ्यांची सभा.

सभेपासून वस्तूपर्यंतचा प्रवास असा झाला: सभा, मग सभेपुढे आलेलं प्रकरण, मग कुठलंही प्रकरण किंवा बाब, आणि शेवटी टेबलावर पडलेली कुठलीही वस्तू. नॉर्वेजियनमध्ये दोन्ही अर्थ आजही शेजारी नांदतात, फक्त लिंग वेगळं. ‘टिंगेन’ म्हटलं तर ती वस्तू, ‘टिंगेट’ म्हटलं तर ती संसद. वर्गातल्या बाकीच्यांना हे फार अवघड गेलं होतं. मला नाही गेलं, कारण ‘तो वेळ’ आणि ‘ती वेळ’ यांतला फरक आपल्याला कुणी शिकवावा लागत नाही. ‘किती वेळ गेला’ आणि ‘कोणती वेळ ठरली’ हे आपण शब्द तोच ठेवून लिंगावरच तर सांगतो!

आता माझा प्रश्न. सभेच्या शब्दाची वस्तू झाली, असं मराठीत कुठे घडलंय का? मला काही सुचत नाहीये.

गोरज

ताई, तुमच्या प्रश्नातला शब्द तुम्ही रोज वापरता. गोष्ट!

‘गोष्ठ’ म्हणजे गाई उभ्या राहण्याची जागा. त्यावरूनच आपला ‘गोठा’. गाई जिथे येतात तिथे माणसंही जमतात, बसतात, बोलतात. म्हणून ‘गोष्ठी’ म्हणजे बैठक, सभा, आणि मग त्या बैठकीत चाललेलं बोलणं. जुन्या मराठीत ‘गोठी’ आहे, बोलणं या अर्थानं. आजच्या ‘गुजगोष्टी’ आणि ‘कानगोष्टी’त तो अर्थ टिकून आहे. बोलण्यातून कथा आली, ‘आजी, गोष्ट सांग’. बोलण्याचा विषय तो पण गोष्टच झाला, ‘एक गोष्ट लक्षात ठेव’, ‘ती गोष्ट वेगळी’. आणि आता तर आपण सरळ म्हणतो, “बाजारातून चार गोष्टी आणायच्या आहेत.” त्या चार गोष्टी म्हणजे कोथिंबीर, मेणबत्त्या, साबण आणि सुतळी. सभा, बोलणं, बाब, वस्तू. तुमच्या टिंगनं जी वाट धरली तीच.

अमरकोशातली ओळ बघा: ‘समज्या परिषद् गोष्ठी सभासमितिसंसदः’. सगळे सभेचेच शब्द. संस्कृतच्या वर्गात मी ही ओळ घोकली तेव्हा त्यात काही विशेष वाटलं नव्हतं. आज तुमचा लेख वाचून पुन्हा म्हटली आणि अंगावर काटा आला. विधान परिषद, जिल्हा परिषद. लोकसभा, ग्रामसभा. पंचायत समिती. संसद. या एका ओळीतले चार शब्द आजही आपला कारभार चालवतायत. समज्या विस्मरणात गेली. आणि गोष्ठी? ती एकटी सभागृह सोडून आजीच्या मांडीवर आणि बाजाराच्या पिशवीत येऊन बसली. हिंदीत ती अजून ‘विचार गोष्ठी’, ‘काव्य गोष्ठी’ म्हणून सभाच आहे. म्हणजे हिंदी आणि मराठीत गोष्ठीचं जे नातं, तेच आइसलँडिक आणि इंग्रजीत थिंगचं.

शंकासुर

गोरज, वाचायला फार छान वाटलं, पण एक स्पष्ट करा. थिंग आणि गोष्ट यांचं मूळ एक आहे असं सुचवताय का? उद्या हे कुणीतरी उचलून ‘इंग्रजीतला थिंग आपल्या गोष्टीवरून आला’ असं पुढे पाठवायला सुरुवात करेल. शब्दांच्या बाबतीत असला प्रसार फार होतो आणि त्याचा मला मनापासून त्रास होतो.

गोरज

अजिबात नाही, आणि विचारलंत ते बरं केलंत. धातू वेगळे, घडण वेगळी. गोष्ठ म्हणजे गो आणि स्था. थिंगचा त्याच्याशी काडीचा संबंध नाही. दोन नद्या वेगवेगळ्या डोंगरांतून निघाल्या आणि जमिनीचा उतार सारखा म्हणून सारख्याच वळल्या, एवढंच. मला तर नातं नसण्यातच जास्त मोल वाटतं. नातं असतं तर वारसा म्हणून सोडून दिलं असतं. नातं नसताना दोन्हीकडच्या माणसांनी हेच केलं, याचा अर्थ काहीतरी माणसाच्या बोलण्यातच आहे.

मधली सुट्टी

मी फ्रेंच शिकवते. या यादीत एक भर घालते. लॅटिनमध्ये ‘काउसा’ म्हणजे कारण, आणि खटलाही. त्याचं इटालियन आणि स्पॅनिशमध्ये झालं ‘कोसा’, फ्रेंचमध्ये ‘शोझ’. अर्थ? वस्तू. मुलं खिशातून काढून दाखवतात ती सगळी ‘शोझ’. तीही एकेकाळी न्यायाधीशासमोर उभी होती.

जर्मनमधला ‘झाखे’ही तसाच. मूळ अर्थ तंटा, वाद. आता वस्तू, बाब, सामान. त्याचं इंग्रजी भावंड ‘सेक’, जे आता ‘फॉर द सेक ऑफ’ म्हणण्यापुरतं उरलंय. अमुकाच्या ‘सेक’साठी म्हणजे पूर्वी अमुकाच्या खटल्यात, त्याच्या बाजूनं.

सायकलस्वार

नेदरलँड्समधून. इथे ‘डिंग’ म्हणजे वस्तूच, पण पेपर उघडला की ‘कॉर्ट खेडिंग’ हा शब्द हमखास असतो. ‘कॉर्ट’ म्हणजे आखूड, ‘खेडिंग’ म्हणजे खटला. तातडीच्या प्रकरणात न्यायाधीश लवकर तात्पुरता आदेश देतात ती प्रक्रिया. या देशात येऊन मला पाच वर्षं झाली, पण ‘खेडिंग’च्या पोटात ‘डिंग’ आहे हे आज दिसलं. शनिवारी बाजारात गालिचा घेताना मी ज्याला घासाघीस म्हणते त्याला इथे ‘अफडिंगन’ म्हणतात. सभेतली वाटाघाट आता गालिच्यावर आली. आणि मंगळवार इथे ‘डिन्सडाख’. त्यातही डिंगच आहे का हो?

उत्तरेचा वारा

आहे. आणि त्याचा पुरावा दगडात आहे.

मी न्यूकॅसलजवळ राहतो. इथून पश्चिमेला रोमन सम्राट हेड्रियननं बांधलेली भिंत जाते. तिच्यावरच्या हाउसस्टेड्स किल्ल्यापाशी १८८३ मध्ये दगडी वेदी सापडली. तिसऱ्या शतकातली. लेख लॅटिन, पण ती वेदी उभारणारे सैनिक जर्मानिक होते, म्हणजे जर्मन, डच, इंग्रजी ज्या कुळातल्या त्या भाषा बोलणारे, नेदरलँड्सच्या बाजूकडचे. रोमन फौजेत नोकरीला आलेले. त्यांनी वेदी वाहिली ‘मार्स थिंक्सस’ या देवाला. रोमनांचा युद्धदेव मार्स, पण थिंगचा. म्हणजे सभेचा राखणदार. घरापासून इतक्या लांब, पावसात आणि वाऱ्यात पहारा करणाऱ्या त्या माणसांना आपला देव आठवला तो सभेचा देव म्हणून. मी त्या टेकडीवर तीनदा गेलोय आणि तिन्ही वेळा हेच मनात आलं.

आता वार. रोमनांचा मार्सचा दिवस जर्मानिक लोकांनी घेतला तेव्हा मार्सच्या जागी आपला देव बसवला. इंग्रजांनी त्याचं ‘तिऊ’ हे नाव वापरलं, म्हणून ट्यूजडे. स्वीडिश ‘तीसडाग’ही तसाच. जर्मन आणि डच लोकांनी त्याच देवाचं सभेवरून पडलेलं नाव वापरलं, म्हणून ‘दीन्सटाग’ आणि ‘डिन्सडाख’. आपला मंगळवार त्याच ग्रहाचा, मार्सचाच. म्हणजे सायकलस्वार, तुमच्या डिन्सडाखला पुण्यात गणपतीला गर्दी होते तो वार आणि हा सभेच्या देवाचा वार एकच.

दगडी पूल

जर्मनीत या शब्दाची मुळं कुठे कुठे पसरली आहेत ते लिहिते. ‘बेडिंगुंग’ म्हणजे अट. अट ही सभेत ठरायची. ‘डिंगफेस्ट माखेन’ म्हणजे अटक करणं, आरोपीला डिंगपुढे उभं करण्यासाठी पक्का धरणं. हे वाक्य आजही बातम्यांत येतं.

माझा लाडका शब्द मात्र ‘फेअरटायडिगेन’, म्हणजे बचाव करणं. त्यात डिंग कुठे आहे ते शोधून सापडत नाही, इतका तो झिजलाय. मूळ होतं ‘टागेडिंग’, ‘टाग’ म्हणजे दिवस आणि ‘डिंग’ म्हणजे सभा. सभेचा, सुनावणीचा नेमलेला दिवस. त्या दिवशी जाऊन आपली बाजू मांडायची. ‘टागेडिंग’चं ‘टायडिंग’ झालं, त्यावरून क्रियापद झालं, आणि आता फुटबॉलमध्ये गोल वाचवणाऱ्या बचावपटूलाही ‘फेअरटायडिगर’ म्हणतात. डच ‘फरडेडिखन’ही तिथलाच.

काळा कोट

मी जिल्हा कोर्टात वकिली करतो. दगडी पूल ताई, तुमचं ‘टागेडिंग’ वाचून थांबलोच. आमचा पक्षकार सुनावणीला ‘सुनावणी’ कधीच म्हणत नाही. तो म्हणतो, “साहेब, उद्या तारीख आहे.” “तारखेला गेलो होतो.” “तारीख पडली.” त्याच्या लेखी तारीख म्हणजेच कोर्ट. दिवसाच्या नावानं सभा ओळखायची, हे तिकडे जर्मनीत झालं आणि इकडे आमच्या व्हरांड्यात रोज होतं.

दगडी पूल

हो ना! आणि बघा, इथल्या संसदेचं नाव ‘बुंडेस्टाग’. ‘टाग’ म्हणजे दिवस. ‘टागेन’ म्हणजे सभा भरणं. तुमचा पक्षकार आणि ही संसद एकाच रीतीनं बोलतात.

गोरज

यावरून थिंगच्या मुळाबद्दल लिहिते. गॉथिक ही जर्मानिक कुळातली, लिखित स्वरूपात बरीच लवकर मिळणारी भाषा. तिच्यात ‘थीह्स’ असा शब्द आहे, अर्थ ‘वेळ’, ‘समय’. त्यावरून बऱ्याच अभ्यासकांचं मत असं, की थिंग म्हणजे आधी ‘ठरवलेली वेळ’ आणि मग त्या वेळी भरणारी सभा. याच्याही मागे काही जण ‘ताणणे’ अर्थाचा ‘तेन’ हा धातू पाहतात, काळाचा ताणलेला पट्टा म्हणून. हे दुसरं पाऊल पहिल्याइतकं भक्कम नाही, शंकासुर, ते मी आधीच सांगते. पण ते खरं असेल तर मात्र आपला एक धागा खरोखरच जुळतो. संस्कृत ‘तन्’, ‘तनु’, ‘तंतू’, आणि मराठी ‘ताणणे’ त्याच धातूचे. इंग्रजी ‘थिन’ तर नक्कीच आपल्या ‘तनु’चा सख्खा.

म्हणजे गोष्टीशी नातं नाही, पण ताणण्याशी असू शकतं.

शंकासुर

इतकं नीट मांडलंत तर माझी काहीच तक्रार नाही. उलट आभार.

आता थोडी भर. रोमन इतिहासकार टॅसिटस यानं इसवी सन ९८ च्या सुमारास जर्मानिक टोळ्यांबद्दल लिहिलं, त्यात या सभांचं वर्णन आहे. काही आणीबाणी नसेल तर सभा अमावस्येनंतर चंद्र नवा दिसतो तेव्हा किंवा पौर्णिमेला. सगळे हत्यारं घेऊन येत. वेळेवर कुणी येत नसे, लोक जमेपर्यंत दोनतीन दिवस वाया जात. टॅसिटसला ही त्यांच्या स्वातंत्र्याचीच उणी बाजू वाटते, कारण हुकूम आल्यासारखे ते येतच नाहीत. शांतता राखायला सांगण्याचा अधिकार पुरोहितांचा. बोलणं पटलं नाही तर गुरगुर, पटलं तर भाले एकमेकांवर आपटून आवाज. आणि ते दिवस मोजत नाहीत, रात्री मोजतात. इंग्रजीतला ‘फोर्टनाइट’ तिथलाच, चौदा रात्री.

भाल्यांची ही रीत पुढेही गेली. इटलीत राज्य करणाऱ्या लाँगोबार्डांच्या राजानं, रोथारीनं, ६४३ मध्ये कायदे लिहून काढले आणि ते ‘गाइरेथिंक्स’मध्ये मंजूर झाले. ‘गाइर’ म्हणजे भाला. भाल्यांची सभा.

पाऊलवाटा

आइसलँडला गेल्या जूनमध्ये जाऊन आलो, म्हणून हा धागा सोडवेना. जिथे आल्थिंगी भरायची त्या जागेचं नाव थिंगवेट्लिर, थिंगची मैदानं. रेक्याविकहून गाडीनं पाऊण तासावर. पहिली सभा ९३० साली.

जागा कशी आहे ते सांगतो. उत्तर अमेरिकेचं आणि युरेशियाचं भूपट्ट इथे एकमेकांपासून सरकतात. त्यामुळे जमीन चिरत गेली आहे आणि एका बाजूला काळ्या खडकाची लांब, सरळ, उंच भिंत उभी राहिली आहे. समोर सपाट गवत, पाण्याचे ओहोळ आणि पलीकडे मोठं तळं. भिंतीपाशी एक उंचवटा, ‘लोगबर्ग’, कायद्याचा खडक. आता तिथे झेंड्याचा खांब आहे. त्या काळात तिथे उभा राहायचा ‘लोगसोगुमाधुर’, कायदा सांगणारा माणूस. कायदा लिहिलेला नव्हता. तो या माणसाच्या डोक्यात असायचा. दर उन्हाळ्याला एक तृतीयांश कायदा तो सगळ्यांपुढे म्हणून दाखवायचा, तीन वर्षांत पूर्ण. विसरला, चुकला, तर ऐकणारे होतेच. १११७–१८ च्या हिवाळ्यात पहिल्यांदा कायदा कातड्यावर उतरवायला घेतला. म्हणजे जवळजवळ दोनशे वर्षं एक देश पाठांतरावर चालला. माझ्या आजोबांनी वेदपाठशाळेत काढलेली वर्षं मला त्या खडकावर आठवली.

इसवी सन १००० च्या आसपास देश ख्रिस्ती व्हायचा की जुन्याच देवांचा राहायचा यावरून तलवारी उपसायची वेळ आली. तेव्हा निवाडा कायदा सांगणाऱ्या थोरगेइरवर सोपवला. तो स्वतः जुन्या धर्माचा. अंगावर घोंगडं ओढून तो एक दिवस आणि एक रात्र पडून राहिला, आणि उठून म्हणाला की देशाला कायदा एकच हवा, सगळ्यांनी ख्रिस्ती व्हावं. जुन्या लोकांना थोड्या सवलती दिल्या. आणि लोकांनी ते ऐकलं.

१८०० साली ही सभा बंद झाली, १८४५ मध्ये रेक्याविकला पुन्हा सुरू झाली. १७ जून १९४४ रोजी प्रजासत्ताकाची घोषणा करायला लोक भर पावसात पुन्हा थिंगवेट्लिरलाच गेले.

केळीचं पान

सगळं वाचतेय आणि आनंदही होतोय, पण ‘सगळ्यांची सभा’ असं वरती आलंय ते मला खुपतं. सगळ्यांची म्हणजे कोणाची? गुलामांना तिथे आवाज होता का? बायकांना? पाऊलवाटा, तुम्ही त्याच खिंडीतून चाललात. तिथला डोह बघितला नाही का?

पाऊलवाटा

बघितला, आणि लिहिलं नाही ही चूक झाली. त्याचं नाव ‘ड्रेक्किंगारहिलुर’, बुडवण्याचा डोह. सोळाव्या शतकात आलेल्या कडक कायद्याखाली अनैतिक संबंध किंवा नवजात बाळाचा खून या आरोपांवरून बायकांना तिथे पोत्यात घालून बुडवत. अठरा जणींची नोंद आहे. नदी तिथे खडकातून वळते, पाणी हिरवं आणि स्वच्छ आहे. शेजारी फलक आहे, त्यावर त्यांची नावं आहेत. आईनं ती सगळी नावं वाचली, उच्चार येत नसतानाही.

फिओर्डकाठी

केळीचं पान, तुमचं बरोबर आहे. सभेत बोलण्याचा हक्क स्वतंत्र पुरुषांचा, त्यातही जमीनजुमला असलेल्यांचा. आमच्याकडे गुलेन म्हणून गाव आहे, बर्गनच्या उत्तरेला. पश्चिम नॉर्वेची मोठी सभा, ‘गुलाटिंग’, तिथे भरायची. मागच्या रविवारी मुद्दाम गेलो. एका सागेत, म्हणजे जुन्या आइसलँडिक गद्यकथेत, तिथल्या न्यायसभेचं वर्णन आहे: सपाट मैदानात हेझलच्या काठ्या गोलाकार रोवलेल्या, त्यांना चहूकडून दोरी बांधलेली. या दोरीला ‘वेबोन्ड’ म्हणत, पवित्र बंध. आत छत्तीस न्यायकर्ते, तीन प्रांतांचे बारा बारा. दोरीच्या आत कुणी हत्यार उगारायचं नाही. त्या सागेत खटला एका बाईच्या वारशाचा आहे. तिच्या बापाची मालमत्ता तिला मिळावी की नाही, ती स्वतंत्र बाईच्या पोटची की दासीच्या, यावर वाद. ती स्वतः तिथे बोलत नाही. नवरा बोलतो. निकाल विरुद्ध जाणार असं दिसताच राणीची माणसं धावत येतात, दोरी कापतात, काठ्या मोडतात आणि सभा उधळते.

साध्या दोरीवर भिस्त ठेवलेली सभा आणि तिच्यात जागा नसलेली ती बाई, दोन्ही एकाच वर्णनात आहेत. मला त्यातलं एकही सोडता येत नाही.

दगडी पूल

शब्दाबरोबर याहून वाईटही झालं आहे. हायडेलबर्गला टेकडीवर जंगलात एक प्रचंड उघडं नाट्यगृह आहे, दगडी पायऱ्यांचं. नाव ‘थिंगश्टेट’, थिंगची जागा. नाझींनी १९३५ मध्ये सुरू केलं. प्राचीन जर्मानिक सभा परत आणतोय असं सांगून देशभर अशा जागा बांधल्या. पण त्या पायऱ्यांवर बसून बघा. सगळी आसनं एकाच दिशेला तोंड करून आहेत. बोलणारा एक, बाकीच्यांनी ऐकायचं आणि ओरडायचं. ज्या सभेत न पटलं तर गुरगुरायची मुभा होती, तिचं नाव यांनी घेतलं.

मधली सुट्टी

इंग्रजीतून सभेचा अर्थ का गेला असेल, हा प्रश्न राहिलाच की.

उत्तरेचा वारा

सातव्या शतकाच्या शेवटी केंटच्या राजांच्या कायद्यात ‘थिंग’ सभेच्या अर्थानं आलाय. पण इंग्रजांचा सभेसाठी आवडता शब्द दुसराच होता, ‘येमोट’. तो ‘मीट’चा भाऊ. पुढे त्याचं ‘मूट’ झालं. काळा कोट, कॉलेजात तुम्ही जे मूट कोर्ट, म्हणजे सरावाचा लुटुपुटूचा खटला, केलं असेल, ते हेच. सभेची जागा मूटनं धरली, नॉर्मन लोक आल्यावर पार्लमेंट आलं, आणि थिंगकडे फक्त बाब आणि वस्तू उरली. आइसलँडिकमध्ये बरोबर उलटं. तिथे थिंग सभेकडेच राहिला आणि वस्तूसाठी रोजचा शब्द ‘हलुतुर’. त्याचा मूळ अर्थ वाटा, हिस्सा.

तरीही व्हायकिंगांनी इंग्लंडात तो अर्थ पुन्हा आणलाच. ‘हूसथिंग’ म्हणजे घरातली सभा, सरदारानं आपल्या माणसांची भरवलेली. त्याचं ‘हस्टिंग’ झालं, लंडनचं एक कोर्ट या नावाचं होतं. मग निवडणुकीत उमेदवार ज्या फळ्यांच्या मंचावर उभे राहत तो ‘हस्टिंग्ज’. १८७२ मध्ये गुप्त मतदान आलं आणि तो मंच गेला. निवडणुका लागल्या की भारतातली इंग्रजी वर्तमानपत्रं हा शब्द आजही मथळ्यात घालतात. त्या मथळ्यात व्हायकिंग सरदाराचं घर आहे.

नकाशातही खुणा आहेत. शेटलंडला टिंगवॉल, स्कॉटलंडला डिंगवॉल, लिव्हरपूलसमोर विरलला थिंगवॉल. सगळी थिंगवेट्लिरचीच भावंडं. आणि इंग्लंड-आयर्लंडमधल्या समुद्रातल्या आयल ऑफ मॅन बेटाची संसद ‘टिनवल्ड’, तीही तीच. ५ जुलैला तिथे चार पायऱ्यांच्या हिरव्या टेकडीवर उघड्यावर सभा भरते आणि वर्षभरात झालेले कायदे इंग्रजीत आणि मॅन्क्स भाषेत पुकारले जातात. अठरा महिन्यांत पुकारा झाला नाही तर कायदा रद्द. मॅन्क्स मातृभाषा असलेले शेवटचे गृहस्थ १९७४ मध्ये गेले. तरी पुकारा त्या भाषेत होतोच.

काळा कोट

पुकाऱ्यावरून शेवटी एक सांगतो, फिओर्डकाठी ताईंच्या टिंगल्यूसिंगसाठी.

आपल्याकडे चावडीवाचन असतं. गावातले सातबारे आणि फेरफार लोकांपुढे मोठ्यानं वाचायचे, कुणाची हरकत असेल तर तिथेच सांगायची. पेशव्यांच्या काळात वतनाचा वाद गोतसभेपुढे जायचा, निवाड्याचा महजर, म्हणजे लेखी निकालपत्र, व्हायचा आणि हजर असलेल्यांची नावं त्यावर पडायची. त्याच वळणाची ही रीत. काही वर्षांपूर्वी आमच्या आजोळच्या गावी मी अशा वाचनाला बसलो होतो. देवळाच्या ओवरीत सतरंजी. तलाठी वाचत होते: गट नंबर, क्षेत्र, खातेदार. निम्मे लोक आपापसात बोलत होते. एका गटापाशी मागून आवाज आला, “परत वाचा.” सत्तरीच्या पुढची बाई होती, खांबाला धरून उभी. तलाठ्यांनी परत वाचलं. वारसांत तिघे भाऊ. ती म्हणाली, “आमी चौघं. मी थोरली.”

ओवरी गप्प झाली. तिचा एक भाऊ पुढेच बसला होता. त्यानं मान खाली घातली आणि म्हणाला, “व्हय, चौघं.” तलाठ्यांनी पेन काढलं, तिचं नाव विचारलं. तिनं सांगितलं. त्यांनी लिहून घेतलं, आणि तिनं सांगितल्यावरून ते सगळ्यांना ऐकू जाईल असं पुन्हा एकदा वाचलं.